शिट्टी वाजल्यावर बोला

वर्तमानपत्रात एखाद्या नव्या यंत्राची बातमी आली की मी दोनच गोष्टी बघते. याला पाणी किती लागतं, आणि वीज गेल्यावर याचं काय होतं. डोंबिवलीत राहणाऱ्या बाईला तिसरा प्रश्न पडायचं कारण नाही. ऐंशीच्या दशकात कपडे धुण्याच्या यंत्रांच्या जाहिराती सुरू झाल्या, त्यांत एक बाई यंत्राशेजारी हसत उभी असे. आमच्याकडे पाणी पहाटे पाच ते सहा. त्या तासात पिंप भरायचं की यंत्राला नळी लावून हसत उभं राहायचं? आमच्या इमारतीत एकीने ते घेतलं. वर्षभरात त्यावर विणलेलं कव्हर आलं आणि कव्हरावर फुलदाणी.

काळ्यापांढऱ्या टीव्हीवर लावायची रंगीत काच निघाली होती. वर निळी, मध्ये तांबूस, खाली हिरवी. म्हणजे आभाळ निळं आणि गवत हिरवं दिसणार. प्रत्यक्षात बातम्या देणाऱ्या बाईचं कपाळ निळं आणि हनुवटी हिरवी दिसे, आणि लोक त्याला रंगीत टीव्ही म्हणत. नव्वदीच्या अखेरीस ऑफिसात ई-मेल आला, तेव्हा साहेब म्हणाले, आता जग जवळ आलं. मला आलेल्या पहिल्या ई-मेलमध्ये लिहिलं होतं, हा मजकूर अकरा जणांना पाठवा, नाहीतर घरात अरिष्ट येईल. हेच पत्र माझ्या लहानपणी पोस्टकार्डावर यायचं. निदान ते पाठवणारा अकरा वेळा हाताने लिहायचा.

ही मतं मी घरबसल्या केलेली नाहीत. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये रेडिओ आणि टीव्ही बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात मी नोकरीला होते. लोक पत्रं लिहीत. चित्र वर सरकतं, आवाज खरखरतो, सासरे आले की बंद पडतो. मी उत्तर लिहायची, ‘आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत. योग्य ती दखल घेतली जाईल.’ कधी घेतली जायची, कधी नाही. वाक्य मात्र चांगलं होतं. त्याने माणूस आठ-दहा दिवस शांत बसत असे.

त्यामुळे इमारतीत मिक्सर घ्यायचा झाला तरी मला विचारत. फक्त एक यंत्र मी कोणाला न विचारता, कोणी मला न विचारता घेतलं. फोनला उत्तर देणारं यंत्र. तेव्हा ते आमच्या भागात कोणाकडेच नव्हतं, आणि असायचं कारणही नव्हतं.

माझा नवरा बोटीवर इंजिनरूममध्ये फिटर. कोकणातल्या त्यांच्या गावात घराआड एक माणूस बोटीवर, तेव्हा त्यात नवल नव्हतं. दहा महिन्यांचा करार, मग दोन-तीन महिने घरी, की पुन्हा करार. मूलबाळ नाही. मी सकाळी साडेसातला घर सोडायची, संध्याकाळी सातला परतायची. शनिवारी ऑफिसातून निघाले की सोमवारी सकाळपर्यंत तोंडातून शब्द निघायचं कारण नसे. भाजीवाल्याशी बोलणं होई तेवढंच. टीव्हीवर चुकीची जाहिरात लागली की मी मोठ्याने सांगायची, ‘खोटं आहे हे.’ एकदा तसं बोलल्यावर लक्षात आलं, की दिवसातलं ते पहिलंच वाक्य. तेव्हा दुपारचे चार वाजले होते.

फोन मात्र माझ्या घरी होता. सात वर्षं यादीत नाव होतं, मग आला. जिन्यावर एकमेव. त्यामुळे सगळ्यांनी आपापल्या नातेवाइकांना माझा नंबर देऊन पुढे ‘पी.पी.’ लिहिलं. ज्यांना ही पद्धत ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. पी.पी. म्हणजे फोन शेजारच्यांचा. पलीकडचा माणूस सांगे, वरच्या मजल्यावरच्या बाईंना बोलवा. मी रिसीव्हर आडवा ठेवून जिना चढे, त्यांना हाक मारे, त्या ओले हात पुसत येत. तोवर पलीकडचा माणूस फोन धरून उभा. दिवसाला चार-पाच तरी फोन येत. माझ्यासाठी महिन्यातून एखादा.

तो एखादाही बहुधा चुकायचा. बोट बंदराला लागली की यांना दिवसाउजेडी दोन-तीन तास बाहेर सोडत, तेवढ्यात हे बूथवरून फोन करत. मी ऑफिसात. ऑफिसात खासगी फोन जोडून देत नसत. संध्याकाळी कुलूप काढताना समोरच्या वहिनी सांगत, “दुपारी तुमचा फोन वाजत होता हं. बराच वेळ. दोनदा.” त्या चांगल्या मनाने सांगत. पण बंद दारामागे फोन वाजतोय हे ऐकण्यापेक्षा न ऐकणं बरं, हे त्यांना कोण सांगणार.

यंत्र घेतलं त्या वर्षी करार संपायला महिना राहिला असताना यांचं पत्र आलं. कंपनी आणखी सहा महिने थांबायला सांगते आहे. पैसे बरे देतील. बोट सिंगापूरला लागेल त्या आठवड्यात सही करायची आहे. ‘तिथून फोन करतो. तू म्हणशील तसं करीन. तू हो म्हणालीस तर थांबतो, नाही म्हणालीस तर येतो.’ पत्र पोचायलाच इतके दिवस लागले होते की उलट पत्र पाठवण्यात अर्थ नव्हता.

मला नाही म्हणायचं होतं. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. अर्धी वाटी तांदूळ शिजवण्याचा कंटाळा आला होता.

रजा दोनच शिल्लक होत्या. त्या आठवड्यातले पहिले दोन दिवस मी घरी बसले. फोन आले ते वरच्या बाईंना आणि तळमजल्यावरच्या आजोबांना. दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर कल्याणला जाऊन, परदेशी वस्तू विकणाऱ्या दुकानातून ते यंत्र आणलं. एकशेदहा व्होल्टचं, त्यामुळे सोबत विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर. आत दोन छोट्या कॅसेट. एकीवर आपलं बोलणं, दुसरीवर त्यांचं. माहितीपत्रक मी दोनदा वाचलं. चांगलं यंत्र होतं. आजही सांगते, त्यात दोष नव्हता.

मी बटण दाबलं आणि बोलले, “अहो, मी बोलतेय. मुदत वाढवू नका. घरी या.”

मग ते लावून ऐकलं. आवाज माझा वाटेना, कोणीतरी लहानखुरी बाई वाटली. आणि दुसरं मनात आलं, की हे फक्त यांनाच ऐकू येणार नाही. वरच्या बाईंच्या सासूबाई चिपळूणकडच्या गावातून ऐकतील. आजोबांची लेक नाशकाहून ऐकेल. वहिनींचे भाऊ ऐकतील. जिन्यावरच्या सगळ्यांच्या माहेरी-सासरी कळेल, की तक्रार विभागातली बाई नवऱ्याला घरी या म्हणते.

मी ते पुसलं. दुसऱ्यांदा बोलले तेव्हा आवाज बरोबर आला. “नमस्कार. आपल्या दूरध्वनीबद्दल आभारी आहोत. सध्या घरात कोणी नाही. शिट्टी वाजल्यावर बोला. योग्य ती दखल घेतली जाईल.”

मनात म्हटलं, हे निरोप ठेवतील, कुठल्या वेळी पुन्हा करणार ते सांगतील, त्या वेळी मी खोटं बोलून का होईना ऑफिसातून निघेन.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात तिघं उभी. वहिनी, वरच्या बाई आणि आजोबा. घरी कोणी नसताना निरोप घेणारं मशीन आलंय, ही बातमी पोचली होती.

“पण ते ‘घरात कोणी नाही’ कशाला सांगायचं?” वहिनी म्हणाल्या. “चोरांना पत्रिका पाठवल्यासारखं.”

“चोर फोन करून येतात का वहिनी?”

“तुमच्याकडे असं मशीन आहे म्हटल्यावर येतील.”

मी बटण दाबलं. पहिला निरोप वरच्या बाईंच्या सासूबाईंचा. शिट्टी वाजली, आणि त्या म्हणाल्या, “हां, बाई, आमच्या सुनेला जरा बोलवा वरून. मी थांबते.”

आणि त्या खरंच थांबल्या. नेहमीसारख्या. टेपवर एस.टी. स्टँडचा गलका, कोंबड्याचं आरवणं. मग बूथवाल्याला सांगणं, “गेली असेल जिना चढायला. गुडघे दुखतात तिचे.” पुन्हा गलका. “काय हो, अजून वरच्या मजल्यावर पोचली नाही? पूर्वी बरी पोचायची.” बूथवाला काहीतरी म्हणाला. “अहो पण ती म्हणाली ना, दखल घेते!”

आम्ही सगळे हसलो. वरच्या बाई पदर तोंडाला लावून हसता हसता खालीच बसल्या. त्या महिन्यांत माझ्या घरात चार माणसं एकदम हसली असतील तर तेवढीच. मला बरं वाटलं, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिघं पुन्हा आली. मी कुलूप उघडलं आणि माझ्याबरोबरच आत. यंत्रावरचा लाल दिवा लुकलुकत होता. त्यांना पाच मिनिटं बाहेर थांबा म्हणता आलं असतं. पण निरोप त्यांचेही असणार, आणि त्यांना बाहेर ठेवायचं म्हणजे मी कशाची तरी वाट बघतेय हे सांगणं. मी पर्स खुंटीला अडकवली आणि बटण दाबलं.

“हॅलो? हॅलो… अगं, मी.” मग, “हां, मशीन आहे हे. इकडे सगळीकडे असतात. तू घेतलंस होय. आवाज स्वच्छ येतो.” हे किंचित हसले. “बरं ऐक. आज सहीचा दिवस आहे. साहेब थांबलेत. मला वाटलं, तू नसलीस तरी सांगून ठेवशील काहीतरी. तू सोय करून ठेवणारी आहेस. पण तू म्हणतेस दखल घेतली जाईल.” मागे रहदारी ऐकू आली. “म्हणजे तुझी हरकत नाही, असं धरतो. सहाच महिने आहेत. करतो सही. सिलिंडरचा नंबर लावलास ना? ठेवतो मग.”

खट् असा आवाज आला आणि लगेच पुढचा निरोप सुरू झाला. सासूबाई. “हॅलो! कालपासून थांबलेय मी, तुला एक जिना उतरायला इतका वेळ?”

कोणी हसलं नाही. वरच्या बाई पुढे झाल्या, यंत्र बंद करायला. पण कुठलं बटण ते त्यांना माहीत नव्हतं. आजोबा दारातल्या आपल्या चपलांकडे बघत होते.

“मी चहा टाकते,” वहिनी म्हणाल्या. माझ्या घरात, माझ्या ओट्यावर.

“नको,” मी म्हटलं. “आजोबा, पुढचा नाशिकचा दिसतोय. ऐकून घ्या.”

त्यांनी ऐकला. नात पास झाली होती. मी त्यांचं अभिनंदन केलं. मग ते सगळे गेले. जाताना वरच्या बाई दारात घुटमळल्या आणि म्हणाल्या, “आम्ही काही ऐकलं नाही हं.” म्हणजे सगळं ऐकलं होतं.

रडले वगैरे नाही. तांदूळ धुतले. यंत्राने काय केलं? त्याला मी जे वाक्य दिलं ते त्याने जसंच्या तसं ऐकवलं. इतकी वर्षं मी लोकांना तेच वाक्य पाठवत होते, आणि ते वाचून लोक काय धरून चालत असतील, याचा एकदाही विचार केला नव्हता. कुकर लावून मी यंत्रापाशी गेले, माझ्या बोलण्याची कॅसेट मागे नेली आणि बोलले, “अहो, घरी या.” एवढंच. नमस्कार नाही, आभार नाही. बोटीने तोवर बंदर सोडलंही असेल, हे ठाऊक असून.

सहा महिने ते वाक्य तसंच ठेवलं. जिन्यावरच्या सगळ्या नातेवाइकांनी ते ऐकलं असणार. आजोबांच्या लेकीने तर काही दिवस फोनच केला नाही, चुकीचा नंबर लागतोय असं वाटून. सासूबाई मात्र शिट्टी झाली की आधी विचारत, “आले का हो ते?” आणि मग सुनेला बोलवायला सांगून थांबत. सून शेवटी मला म्हणाली, “तुम्ही बदललंत तरी चालेल. आमच्या लोकांना कळलंय आता.” मी नाही बदललं.

सहा महिन्यांत यांचे दोन फोन आले. एक गणपतीच्या सुट्टीत, मी घरी असताना. आवाज इतका खोल येत होता की आम्ही एकमेकांना फक्त ऐकू येतंय का एवढंच विचारलं. दुसरा आला त्या दुपारी वीज गेली होती. वहिनींनी सांगितलं, नुसतीच रिंग वाजत होती, बराच वेळ.

करार संपून हे मुंबईला उतरले तो रविवार होता. गोदीतून फोन केला. मी फोनशेजारीच कपड्यांना इस्त्री करत होते, पहिल्याच रिंगला उचलला.

“अगं, तूच?” हे म्हणाले. “मला वाटलं मशीन बोलेल. बंद पडलं का?”

“चालू आहे,” मी म्हटलं. “जेवायला काय करू?”