मी काळा केलेला कार्बोरेटर

नागप्पा मिस्त्री. नाव आधी लिहिते, कारण तेव्हा लिहिलं नव्हतं. मागच्या वर्षी, जयंतीला नऊ दिवस उरले असताना, बाजाराच्या दिवशी, सकाळी साडेदहा वाजता, कमलनगरच्या बस स्टँडसमोर उभं राहून मी या माणसाची अब्रू वाटली. पिवळ्या कागदावर. येईल त्याच्या हातात. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरात नाही, संघटनेत नाही, आणि माझं सगळं आपल्याला ठाऊक आहे असं जिला वाटतं त्या मैत्रिणीलाही नाही.

आता सांगायला बसले तर हात पुन्हा पुन्हा दुसरीकडेच वळतोय. तीन वेळा सुरुवात केली, तिन्ही वेळा "व्यवस्था" हा शब्द आला. काय संबंध? व्यवस्थेनं नाही केलं हे. मी केलं.

मी पत्रकं लिहिते. गावाला बस का नाही, स्टँडवर बायकांसाठी संडास का नाही, शाळेला गणिताचा मास्तर का नाही. कॉलेजपासून हेच. पहिल्याच वर्षी एक युक्ती मला शिकवली गेली: माणसाचं नाव लिहायचं नाही, ठिकाण लिहायचं. नाव लिहिलं की नोटीस येते. ठिकाण लिहिलं की लोक नाव आपणहून भरतात. ही युक्ती मी मोठमोठ्या लोकांवर वापरली, आणि तिचा मला अभिमान होता. होता म्हणते. बघा, पुन्हा वळले.

गाडीकडे येते.

आमच्या अप्पांची, म्हणजे वडिलांची, जुनी राजदूत मोटारसायकल. अप्पा मास्तर होते, औरादकडच्या शाळेत तिच्यावरून जायचे. मला कळायला लागल्यापासून ती घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोत्यांखाली पडलेली. जयंतीच्या मिरवणुकीत अप्पा त्याच गाडीवर पुढं असावेत असं माझ्या मनात आलं, आणि मनात आलेलं मी मनात ठेवत नाही. बैठकीत उठून सांगितलं: गाडी मी उभी करणार, या हातांनी. मागून कुणीतरी म्हणालं, "पत्रक वाटून चालू व्हायची न्हाई बरं का अक्का ती!" सगळे हसले. मीही हसले. आतून मात्र दात आवळले होते.

तुम्ही कधी तीस-पस्तीस वर्षं गंजलेला स्क्रू काढलाय? नका काढू. एकेका स्क्रूपायी एकेक सकाळ गेली. चाकाच्या तारा बदलल्या, टाकीतला गंज खडे घालून हलवून हलवून काढला, किकनं नडगी फोडून घेतली. मी ओरडायचे. अप्पा शेडच्या दारात खुर्ची टाकून बसायचे आणि म्हणायचे, "कामून ओरडायलीस तिच्यावर? ती काय तहसीलदार हाय?"

इंजिन मात्र मला जमणारं नव्हतं. ते नागप्पा मिस्त्रींनी केलं. बस स्टँडच्या मागं, कडुलिंबाखाली त्यांचं गॅरेज. मूळचे कमठाण्याचे, अप्पांच्या वयाचे, वाचता न येणारे. रविवारी आमच्या शेडमध्ये यायचे, पोत्यावर मांडी घालून बसायचे, पिस्टन हातात घेऊन कानाशी धरायचे. सिलिंडर बीदरला नेऊन घासून आणला तोही त्यांनीच. शेवटी कार्बोरेटर खोलला, धुतला, फुंकर मारून मारून त्याची बारीक भोकं मोकळी केली आणि बसवला. तिसऱ्या किकला गाडी बोलली. अप्पा खुर्चीतून उठले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते धुरामुळं आहे असं ते सांगत होते.

जाताना मिस्त्री म्हणाले, "अक्का, बाकी कायबी पुसा, रंगवा. ह्याला तेवढा हात लावू नका. दिसू द्या कसाबी."

बस, एवढंच. एवढीच एक गोष्ट करायची नव्हती.

पण तो कार्बोरेटर मला बघवेना. सगळी गाडी चकचकीत आणि मधोमध तो पांढुरका, राख फासल्यासारखा. आता आपल्या बीदरच्या माणसाला काय सुचणार? बिदरीचं काम तुम्ही पाहिलंच असेल. जस्ताचं भांडं, त्याला किल्ल्यातली माती आणि नवसागर लावला की ते काळंभोर होतं, कायमचं. लहानपणापासून बघितलेलं. कुणीतरी म्हणालं होतं की कार्बोरेटरही जस्ताचाच ओततात. मग मी काय केलं? एका कारागिराकडून मूठभर माती आणली, नवसागर घातला, रात्री अप्पा झोपल्यावर पातेल्यात पाणी उकळलं आणि कार्बोरेटर त्यात सोडला. गाडीला बिदरीचा दागिना! असा मथळाही सुचला होता मला.

काळाभोर झाला नाही. डागडाग उठले, कुठं जांभळट, कुठं करडा, कुठं कोड फुटल्यासारखा. मी नळाखाली धरला, पुसला, बसवला. आत माती राहिली असेल, नवसागरानं आतली भोकं खाल्ली असतील, हे डोक्यात आलं नाही असं लिहू का? आलं होतं. मी पुढं गेले.

दुसऱ्या दिवशी संघटनेतले लोक गाडी बघायला आले. मी किक मारली. एकदा, दहादा, वीसदा. गाडी एकदा किंचाळली आणि गप्प. पुन्हा किंचाळली, पुन्हा गप्प. घामानं माझा ड्रेस पाठीला चिकटला होता. मागून खसखस पिकली. अप्पा म्हणाले, "काल तर चालायली होती की गं."

आणि मी म्हणाले — वाक्य शब्दाला शब्द आठवतंय — "मिस्त्रीनं ओरिजनल कार्बोरेटर काढून घेतला, हा डुप्लिकेट बसवलाय."

कशावरून? कुणी विचारलं नाही. उलट एकजण वाकून म्हणाला, "व्हय की! रंगच येगळा हाय ह्याचा." झालं. माझ्याच हातानं पाडलेले डाग माझ्या खोट्याचा पुरावा झाले. मला तेव्हा काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतरची. आधी सुटका.

तिथंच थांबता आलं असतं. पण लोक म्हणाले, अक्का, तुम्ही गप्प बसणार? आणि मला गप्प बसता येतं का कधी? दोन दिवसांत पत्रक तयार. "जुन्या गाड्यांचे अस्सल पार्ट चोरणाऱ्यांपासून सावध राहा! बस स्टँडमागे लिंबाखाली काय चालते?" नाव नाही. ठिकाण. आख्ख्या कमलनगरात स्टँडमागं लिंब एकच, त्याखाली गॅरेज एकच. पत्रक चांगलं लिहिलं होतं हो, हेच तर चीड आणणारं आहे. एकही शब्द इकडचा तिकडं करावासा वाटला नाही. बाजारातले शिकलेले लोक न शिकलेल्यांना थांबवून थांबवून वाचून दाखवत होते. मोठ्यानं. मला बरं वाटलं.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी घरी आले. माझ्याशी बोलले नाहीत, सरळ शेडमध्ये गेले. कार्बोरेटरवर नख ओढलं. बोटाला काळं लागलं ते चोळलं, नाकाशी नेलं. मग मागच्या बाजूला अंगठा फिरवला. तिथं त्यांच्या कानशीचा एक ओरखडा होता, खोलताना लागलेला. अप्पांना म्हणाले, "मास्तर, ह्यो त्योच हाय. माझ्या हातातला." आणि माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं होतं. बीदरच्या माणसाला नवसागराचा वास कळत नाही का?

मी काय बोलावं? मी म्हणाले, "सिद्ध करा."

साठी उलटलेल्या माणसाला, माझ्या शेडमध्ये, माझ्या बापासमोर. हे शब्द मी अधिकाऱ्यांना ऐकवायला शिकले होते.

ते म्हणाले, "मला वाचता येत न्हाई अक्का. लोकांनी वाचून दावलं." बस. चपला घातल्या आणि गेले.

नंतरचं तुम्हाला माहीतच आहे, कारण तुम्हीच लिंबाकडं जायचं सोडलंत. पावसाळ्याच्या आत ते गॅरेज बंद झालं. मिस्त्री कमठाण्याला परत गेले. लेकीच्या दारात बसून पंक्चर काढतात असं ऐकलं. मी दुसरा कार्बोरेटर मागवला, गाडी चालू झाली, मिरवणूक निघाली. पण अप्पा बसले नाहीत गाडीवर. गुडघा दुखतो म्हणाले. त्यांचा गुडघा कधी दुखला नव्हता, आजही दुखत नाही. मीच चालवली. बायकांनी फुलं टाकली. आणि त्या दिवसापासून लोक मला भेटले की म्हणतात, तुम्ही कशा खरं बोलता अक्का, कुणाच्या बापाला भीत न्हाई! वर्षभर ऐकतेय. ऐकून घेतेय. दरवेळी मान हलवतेय.

मी घाबरले होते, बाई म्हणून लोक मला हसले असते — यातलं एकही मला लिहायचं नाही. हसले असते तर हसले असते. एक सकाळ हसले असते.

माफी तुमच्याकडं मागत नाही. ती तुमच्या हातात नाही. कमठाण्याला मी जाणार आहे, तिथं मिस्त्री मला काय म्हणायचं ते म्हणतील किंवा दार लावतील. पण त्या सकाळी ज्यांनी ज्यांनी माझं पिवळं पत्रक दुसऱ्याला वाचून दाखवलं, त्या तुम्हा लोकांना मी सांगतेय. कुणाकुणाला थांबवलं होतं ते आठवा. येत्या बाजाराच्या दिवशी त्यांना पुन्हा थांबवा आणि हे वाचून दाखवा. नागप्पा मिस्त्रींचं नाव घेऊन, माझं नाव घेऊन. आणि आवाज तेव्हा होता तेवढाच मोठा ठेवा.