न उगवलेले तीळ

गजेंद्र कतारमधल्या दुखानला एका कंपनीत एसी मेकॅनिक. गाव परभणीकडचं, तिथूनच आणलेले तीळ त्याने सप्टेंबरात क्वार्टरमागच्या वाफ्यात पेरले. बी कोरड्या वाळूत मिसळून ओळीत टाकलं, वर जेमतेम मातीचा थर. रोपं कमरेएवढी होऊन फुलांवर आली, तेव्हा त्याने तिथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि लिहून बसला, "यंदा संक्रांतीचा तिळगूळ माझ्या वाफ्यातला."

खालची बोंडं पिवळी पडली की तीळ कापायचा, हे त्याला माहीत होतं. पण ड्युटी वाढली, कापणी सुट्टीच्या दिवसावर ढकलली, आणि त्याआधीच वारा सुटला. उकललेल्या बोंडांतले दाणे वाळूत गेले.

त्याने दोह्याहून साल काढलेल्या पांढऱ्याशुभ्र तिळाचं पाकीट आणलं आणि लाडू वळले. सगळ्यांनी वाहवा केली. खरं सांगायचं राहूनच गेलं.

मे महिन्यात त्याचा रूममेट संपत, बीडचा ड्रायव्हर, सुट्टीला निघाला. "मूठभर बी दे की. आई चटणीला दरसाल विकतचे तीळ आणते. हे पेरील."

नाही म्हणायला गजेंद्रचं तोंड उघडेना. त्याच पाकिटातले उरलेले तीळ त्याने पुडीत बांधून दिले.

संपत परत आल्यावर जुलैत एकदा मुक्ताबाईंनी, त्याच्या आईने, फोनवर गजेंद्रला बोलावून घेतलं. "लेकरा, एवढ्या लांबून बी धाडलंस. बांधाकडंनं पेरलं, पर एकबी उगवलं न्हाई. माझाच हात चुकला असंल. राग नको धरू."

"असू दे, मावशी," एवढंच तो बोलला. त्यानंतर जेवताना त्याला संपतकडे बघवेना.

शेवटी त्याने सांगून टाकलं. "ते तीळ दुकानातले होते, संपत. साल काढलेले उगवत नाहीत, हे ठाऊक असून दिले."

"लाडवांचं काही नाही. आईला मात्र तूच सांग," म्हणत संपतने फोन लावून दिला.

मुक्ताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी माझं काही चुकलं नव्हतं?"

"नाही, मावशी."

"मग बरं. मी सूनबाईला म्हणत व्हते, आता पेरणी तूच बघ."

गजेंद्रने फोन संपतच्या हातात दिला.

त्याच संध्याकाळी त्याने ग्रुपवरही खरं लिहिलं. कुणी हसलं, कुणी काहीच लिहिलं नाही. संपत मात्र कितीतरी दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलत होता.