धाब्यावरच्या बादल्या

माझी धाकटी जाऊ उन्हानं गेली, बिबडे घालताना. धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवलेल्या होत्या आणि ते पाणी तिच्या अंगावर टाकू नको असं मीच सांगितलं होतं. हे आधीच लिहिते, मग पुढचं सांगायला सोपं जातं.

आमचं गाव रावेरकडचं, केळीचं. उन्हाळ्यात घरोघरी ज्वारीचे बिबडे, म्हणजे मोठे पापड, होतात. पहाटे चुलीवर पातेलंभर घाटा शिजवायचा, धाब्यावर ओली लुगडी अंथरायची आणि गरम घाटा हातानं पातळ पसरायचा. गल्लीतल्या बाया मदतीला येतात आणि ऊन चढायच्या आत आपापल्या घरी जातात. त्या दिवशी चूल पेटवायलाच उशीर झाला. बाया उठून गेल्या तरी निम्मा घाटा उरला होता. जाऊ म्हणाली, वाया जाईल, एवढा संपवून येते. मी खाली आले. जेवणवेळ झाली तरी ती उतरली नाही म्हणून वर गेले.

ती लुगड्यावर आडवी पडली होती. काहीतरी बरळत होती. मला तिनं ओळखलं नाही. अंग तव्यासारखं तापलेलं. तिचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, माझ्यामागून आला. लुगडी भिजवायला ठेवलेली बादली त्यानं उचलली. मी त्याचा हात धरला.

“तिले पानी नको टाकू. तापल्या अंगाले लकवा मारीन.”

त्यानं बादली खाली ठेवली. घरात मी मोठी, माझा शब्द कोणी मोडत नसे. आम्ही तिला खाली आणलं. तळपायांना कांदा चोळला, कपाळावर ओली पट्टी ठेवली. तापाची गोळी पाण्यात विरघळवून तोंडात घातली, ती बाहेर आली. मग तिच्या अंगाला कंप सुटला, तेव्हा मी तिच्यावर गोधडी घातली. गाडी मिळेपर्यंत बराच वेळ गेला, रस्त्यात आणखी गेला. तिसऱ्या दिवशी ती गेली.

मी रडले नाही. तेराव्याचा स्वयंपाक केला. धाब्यावरचे बिबडे वाळून तसेच पडले होते, ते सोडवून डब्यात भरले. वर्षभर आम्ही तेच खाल्ले. टाकून काय करायचं?

पुतण्या मला पहिल्यासारखी ‘मोठी माय’ म्हणून हाक मारायचा. पण मी एकटी असेन त्या खोलीत तो थांबत नसे.

दोन वर्षांनी उन्हाळ्याच्या तोंडावर गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईनं बायांना शाळेत बोलावलं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातली एक डॉक्टरीण आली होती, धुळ्याला शिकलेली, वयानं माझ्या नातीएवढी. ती म्हणाली, ऊन लागून माणूस बरळायला लागला की तो साधा ताप समजू नका, गोळीनं तो उतरत नाही. पडल्या जागी त्याला पाण्यात घाला, डोकं वर धरा, तोंडात काही घालू नका. कंप सुटला तरी पांघरूण नको. आधी गार करा, मग गाडीत घाला.

मागून एकजण म्हणाली, “म्हंजे मानसाले म्हशीवानी हौदात बसवायचं?”

बाया हसल्या. डॉक्टरीणही हसली. म्हणाली, “हो. म्हशीला कळतं, म्हणून ती बसते.”

मी विचारलं, लकवा मारतो त्याचं काय? ती म्हणाली, नाही मारत. प्रत्येक गावात हेच विचारतात. मग मी विचारलं, हे कधी कळलं तुम्हाला? तिनं नीट सांगितलं. लांब पळणारे लोक, सैन्यातली माणसं उन्हात पडतात, त्यांच्यावर अभ्यास झाले. जागेवर पाण्यात घातलेले वाचले. आधी गाडीत घातलेल्यांचा वेळ रस्त्यात गेला. “पूर्वी आम्हीसुद्धा सांगायचो, आधी दवाखान्यात आणा,” ती म्हणाली. “आता उलटं सांगतो. नवं कळलेलं गावापर्यंत यायला उशीर होतो, आजी.”

मी का विचारते हे तिला सांगितलं नाही. घरी येऊन डाळ शिजायला टाकली.

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या मळ्यात केळीची कापणी चालू होती. मी आणि पुतण्याची बायको भाकरी घेऊन गेलो होतो. पुतण्या सकाळपासून घड वाहत होता. बारानंतर तो घड खांद्यावर घेऊन ट्रककडे जायचं सोडून विहिरीकडे चालायला लागला. मजुरांनी हाका मारल्या, त्यानं ऐकलं नाही. मग घडासकट पडला. मी हात लावून पाहिला. तोच तवा.

मजुरांनी शेजारच्या मळ्यातली गाडी बोलावली. ते त्याला गाडीत घालायला उचलत होते. मी म्हणाले, गाडी थांबू द्या, आधी ह्याला विहिरीजवळच्या हौदात घाला.

सगळे जागीच थांबले. त्याच्या बायकोनं माझा हात धरला, धाब्यावर मी त्याचा धरला होता तसाच. “लकवा मारीन, मोठी माय.”

मजुरांतला एक म्हातारा, आमच्याच गल्लीतला, दुसरीकडे बघत म्हणाला, “तव्हा नको म्हने, आता टाका म्हने.”

बादलीची गोष्ट गावाला माहीत होती. मला वाटायचं, घरातच राहिली असेल.

“तव्हा चुकली मी,” मी म्हणाले. “उचला.”

त्यांनी त्याला हौदात उतरवलं. मी लुगड्यासकट आत बसले आणि त्याचं डोकं हातावर धरलं. मोटार चालू करून पाईप त्याच्या अंगावर सोडायला लावला. त्याला कंप सुटला. बायकोनं गाडीतली चादर आणली, मी ती घेऊ दिली नाही. ती मला नको ते बोलली. मी ऐकून घेतलं. हात सुन्न झाला होता, पण त्याची मान त्यावर होती म्हणून हलवला नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग त्यानं डोळे उघडले, पाईप धरणाऱ्याला शिवी दिली आणि म्हणाला, “पानी गार हाये.”

तेव्हा त्याला गाडीत घातलं. गाडी भिजली म्हणून गाडीवाला दवाखान्यापर्यंत कुरकुरत होता.

चौथ्या दिवशी पुतण्या घरी आला. संध्याकाळी माझ्या खोलीत येऊन बसला. मी चहा केला. तो पिऊन झाल्यावर त्यानं विचारलं, “माय वाचली असती का?”

“वाचली असती बहुतेक,” मी म्हणाले. “तुह्यं बरोबर होतं.”

त्यानं मान हलवली. कप स्वतः विसळला आणि गेला.

या वर्षी बिबडे घातले. पहाटे त्यानं बादल्या भरून धाब्यावर आणल्या. लुगडी भिजवायला दोन पुरतात. त्यानं तिसरीही आणली आणि भिंतीच्या सावलीला ठेवली. मी बायांना सांगितलं, तिच्यात हात घालू नका.