साडीवरचा कोट

ऑलिव्हिया तुस्कानो आमच्या बेसमेंटमध्ये राहायला आली, तेव्हा तिच्याकडे दोन सुटकेस, एक शिलाई मशीन आणि एक बिनडोक्याचा कापडी पुतळा होता. पुतळा तिने लहान मुलासारखा कडेवर घेतला होता. "हे कोण?" मी विचारलं. "माझी जुनी बॉस," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली. मला तो विनोद कळायला दोन दिवस लागले, आणि उशिरा कळलेल्या विनोदाचा मला नेहमीच संशय येतो.

संशय हा माझा स्वभाव आहे असं माझी बायको इमेल्डा म्हणते. मी म्हणतो, तो माझा धंदा होता. एका मोठ्या गोदामात चोवीस वर्षं मी परत आलेला माल तपासला. लग्नात नाचून, घामाने भिजवून, टॅग आत खोचून लोक सूट परत आणतात आणि वर शपथा घेतात की घडीसुद्धा मोडली नाही. मी बाही उलटी करायचो, शिवण पाहायचो, वास घ्यायचो. शिवण खोटं बोलत नाही. माणसं बोलतात, आणि फार गोड बोलतात.

ऑलिव्हिया गोड बोलायची. तिची आई वसईजवळच्या गिरीजची, नर्स होऊन इंग्लंडला गेलेली. ऑलिव्हिया जन्मली लेस्टरला. वसई तिने पाहिली ती दोन-दोन आठवड्यांच्या सुट्टीत, पण आईचं मराठी तिने जसंच्या तसं उचललं होतं. आमच्या चर्चच्या पॅरिशमधला ब्रेंडन तिचा धाकटा भाऊ. त्याच्या छोट्या काँडो फ्लॅटात जागा नाही म्हणून त्याने माझ्याकडे शब्द टाकला. ही २०१५ची गोष्ट. चाळिशीची बाई, एकटी, मशीन घेऊन अटलांटिक ओलांडून कॅनडात येते, आणि भावाच्या घरी जागा नाही. मला सरळ विचारायचं होतं की भानगड काय आहे. इमेल्डाने डोळे वटारले म्हणून मी फक्त पार्किंगचे नियम सांगितले.

भानगड मग तिने स्वतःच सांगितली, एका रविवारी जेवताना. कॉलेजात कपड्यांचं डिझाइन शिकली, आणि एका मोठ्या दुकानसाखळीच्या डिझाइन खोलीत लागली. "इलेव्हन इयर्स मी मुलांच्या नाइटसूटचे कॉलर काढले, अंकल. ओन्ली कॉलर्स." मग नोकरी सोडून नऊ फूट रुंदीचं स्वतःचं दुकान काढलं, मुलांच्या रेनकोटचं. लोकांना माल आवडला. दुसरं दुकान झालं. शहरात नाव झालं. मग म्युनिसिपालिटीने दुकानापुढचा रस्ता खणला तो वर्षभर बुजवलाच नाही, गिऱ्हाईक तुटलं, आणि दोन्ही दुकानं बंद झाली.

रस्ता खणला म्हणून दुकान बुडालं? माझ्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटरवर बसलो. तीन तासांनी एक फोटो सापडला: तरुण ऑलिव्हिया, हातात कात्री, मागे पिवळे रेनकोट, आणि खाली स्थानिक पेपरने लिहिलेलं कौतुक. खणलेल्या रस्त्याची बातमीही सापडली. सगळं खरं निघालं. खरं सांगायचं तर माझी थोडी निराशाच झाली.

पुढच्या जानेवारीत इमेल्डाच्या भाचीचं लग्न होतं. उणे बावीस. चर्चच्या पार्किंगमध्ये आमच्या सगळ्या बायका भारी साड्या नेसून उतरल्या, आणि प्रत्येकीने वर ते फुगलेलं जाडं जॅकेट चढवलेलं. पदर आत कोंबलेला, निऱ्या बुटात अडकलेल्या. इमेल्डाच्या बहिणीच्या निऱ्या जॅकेटच्या चेनमध्ये अशा सापडल्या की फादर थांबले, नवरी थांबली, आणि ती बाई वॉशरूममध्ये कात्री मागत होती. ऑलिव्हिया गुडघ्यावर बसून ती चेन सोडवत होती. सोडवता सोडवता तिने इमेल्डाकडे पाहिलं. इमेल्डाने तिच्याकडे. त्या पाहण्यात काहीतरी होतं हे मी तेव्हाच टिपलं होतं, फक्त त्याचा अर्थ चुकीचा लावला.

त्यानंतर बेसमेंटमध्ये लोकरीचं कापड आलं. इमेल्डा त्या वेळी एका ड्रायक्लीनरसाठी घरी कपडे दुरुस्त करायची. ते संपलं की खाली जायची. "ऑलिव्हियाला मदत करते," एवढंच सांगायची. मी जिना उतरलो की दोघींचं बोलणं थांबायचं. तीन महिन्यांनी कोट तयार झाला. लांब, खाली घेर असलेला, म्हणजे निऱ्यांना जागा. डावा खांदा सैल, म्हणजे पदर चुरगळत नाही. पुढे चेन नाही, मोठी बटणं. इमेल्डाने साडीवर घालून आरशात पाहिलं, आणि मी इतक्या वर्षांत तिला आरशासमोर एवढा वेळ उभी पाहिली नव्हती.

पहिल्या वर्षी चर्चच्या हॉलमध्ये एक टेबल. मग मॉलमध्ये सुट्टीच्या मोसमापुरता एक ठेला. मग प्लाझात दुकान, एका बाजूला दातांचा डॉक्टर, दुसऱ्या बाजूला ड्रायव्हिंग स्कूल. गुजराती, तमिळ, पंजाबी, सगळ्यांच्या आया तिथे येऊ लागल्या, आणि ऑलिव्हिया त्यांच्याशी अशी हिंदी बोलायची की त्या हसून हसून दोन कोट घ्यायच्या. दुकानदारी तिच्या हाडात होती, हे मी मान्य करतो. कोट हँगरवर लावायचे नाहीत, पुतळ्यांना साडी नेसवून वर घालायचे, हे तिचंच डोकं. आलेल्या बाईला आधी चहा, मग आरसा, आणि किंमत सगळ्यात शेवटी.

माप घेताना मात्र ती फसली. लेस्टरच्या पद्धतीने टेप घेऊन गेली की आमच्या बायका अंग चोरायच्या. शेवटी इमेल्डाने सांगितलं, त्यांना मापाचा ब्लाउज आणायला सांग. सगळ्यांनी आणला. आणि पहिले बारा कोट बारा जणींना घट्ट झाले. कारण मापाचा म्हणून कोणतीही बाई आजचा ब्लाउज देत नाही. ती दहा वर्षांपूर्वीचा देते, ज्यात ती स्वतःला आवडत होती. लेस्टरच्या कॉलेजात हे शिकवत नाहीत. तेव्हापासून कोटाच्या बाजूच्या शिवणीत आत दोन-दोन बोटं जादा कापडाची माया सोडायला सुरुवात झाली, म्हणजे कोट नंतर गुपचूप सैल करता येतो. ही माया सोडायची सवय इमेल्डाची. माझ्या प्रत्येक पँटीत ती आहे.

म्हणून मागच्या फेब्रुवारीत पेपरात आलं ते वाचून माझं डोकं फिरलं. अर्धं पान. ऑलिव्हियाचा फोटो. 'ब्रिटिश डिझायनरची जादू: माणसाबरोबर वाढणारा कोट.' लेस्टर, कॉलर, रेनकोट, सगळं होतं. मायेबद्दल पूर्ण परिच्छेद होता. इमेल्डाचं नाव शोधायला मी चष्मा पुसून तीनदा वाचलं. एकदाही नव्हतं.

"तुझं नाव कुठाय?" मी विचारलं.

इमेल्डा भाजी चिरत होती. "राहू दे रे. नाव घेऊन काय करायचं?"

हे तिचं साधेपण मला सहन होईना. माझ्या बायकोच्या बोटांनी एक बाई मोठी होतेय आणि माझी बायको कांदा चिरतेय, एवढंच मला दिसत होतं. मला तिचा राग आला, तिच्यासाठी राग आला, आणि ऑलिव्हियाचा तर इतका आला की मी पुन्हा कामाला लागलो. माझ्या कामाला. खाली कोणती पाकिटं येतात ते पाहू लागलो. एक वकिलाचं होतं, जाडजूड, ऑलिव्हियाच्या नावाचं. बेसमेंटचं दार आता ती कुलूप लावून जायची. एप्रिलमध्ये कळलं की टोरांटोतल्या एका मोठ्या जुन्या दुकानाने साडीवरचे कोट हिवाळ्यासाठी घ्यायचं ठरवलंय. प्लाझामागची मोठी जागा घेतली होती, शिवायला सहा बायका ठरवल्या होत्या. आता चोरी पक्की होणार असं मला वाटलं. उशीर केला तर इमेल्डाचा हक्क कायमचा गेला.

मे महिन्यात मी दुकानात गेलो. ऑलिव्हिया आणि इमेल्डा कापड पाहायला बाहेर गेल्या होत्या, काउंटरवरची मुलगी मला ओळखत होती. एक कोट घेऊन मी ट्रायल रूममध्ये गेलो, खिशातल्या ब्लेडने अस्तर चार इंच उसवलं आणि शिवण उलटी केली. दोन बोटं माया. टोकाला इमेल्डाचा तिरका टाका, जो ती ओठ दातांत धरून घालते. मी फोटो काढले. घरी येऊन त्या मोठ्या दुकानाला ईमेल लिहिलं: हे डिझाइन माझ्या बायकोचं आहे, तुमच्या ब्रिटिश डिझायनरने ते चोरलंय, सोबत पुरावा. स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. मी भित्रा नाही.

उत्तर नऊ दिवसांनी आलं. शनिवारी सकाळी, मी चहा घेत होतो. फार सभ्य होतं. आम्ही तपासलं, असं त्यात होतं. या कोटाचं डिझाइन २०१६मध्ये दोन व्यक्तींच्या नावे नोंदवलेलं आहे, ऑलिव्हिया तुस्कानो आणि इमेल्डा आल्मेडा. कंपनीही या दोघींची आहे, निम्मी निम्मी. तुमची तक्रार आणि ही नोंद यांचा मेळ बसत नाही. कंपनीत मालकीचा वाद असल्यास आम्हाला धोका पत्करता येणार नाही, म्हणून ऑर्डर तूर्त थांबवत आहोत. याची प्रत दोन्ही संचालकांना पाठवली आहे.

आल्मेडा माझं आडनाव आहे. तरी मी ते दोनदा वाचलं.

खालून जिन्यावर पावलं वाजली. आधी ऑलिव्हिया आली, हातात फोन. "अंकल," ती म्हणाली, "तुमी कोट उसवला?"

मी मान डोलावली.

"आय ॲम नॉट अँग्री," ती म्हणाली, आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. "सप्टेंबरला माल त्यांच्या फ्लोअरवर नसला तर विंटर गेला. सहा बायकांना मी आता काय सांगू? यू कुड हॅव आस्क्ड मी. एकदा. मी दार उघडलं असतं." मग ती खुर्चीत बसली आणि तिने तोंड हातात घेतलं. लेस्टरला रस्ता खणला होता तेव्हा ती रडली असेल की नाही, मला माहीत नाही. आमच्या स्वयंपाकघरात ती रडली.

इमेल्डा दारातच उभी होती. माझ्याकडे बघतही नव्हती. "मीच तिला सांगितलं होतं," ती म्हणाली. "नाव पेपरात देऊ नकोस, पाकिटं तुझ्या नावाने मागव, दाराला कुलूप लाव. नऊ वर्षं ती माझ्यासाठी खोटं बोलली. तिला आवडत नव्हतं."

"पण का?"

"प्रमोदिनीबरोबर मी नाताळचे केक करायचे, आठवतं? ती मला फसवते या संशयाने तू तिच्या घरी जाऊन तिच्या फ्रीजमधलं लोणी मोजलंस. चार दिवसांत ती बाई माझ्याशी बोलायची बंद झाली. मला हे काम हवं होतं, आल्फ्रेड. फार हवं होतं. तुला कळलं असतं तर तू पहिल्याच वर्षी ऑलिव्हियाला पिटाळलं असतंस."

मी तसं केलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. लाज वाटली आणि त्याच वेळी, हे सांगायलाच हवं, थोडा अभिमानही वाटला की निम्मी कंपनी माझ्या बायकोची आहे. तो अभिमान दाखवायची ती वेळ नव्हती.

पुढच्या आठवड्यात दोघी टोरांटोला गेल्या. मी माफीचं पत्र लिहून दिलं, ते ऑलिव्हियाने वाचलं, दोन वाक्यं खोडली आणि पर्समध्ये ठेवलं. इमेल्डाने तिथे चार अनोळखी माणसांसमोर साडीवर कोट घातला, उसवला, सैल केला आणि पुन्हा शिवून दाखवला. ते लोक खूश झाले. पण कोटांच्या जागेवर तोवर दुसऱ्या कोणाची जॅकेटं ठरली होती. पुढच्या वर्षी बघू म्हणाले. प्लाझामागची मोठी जागा सोडावी लागली. सहापैकी दोघींना कसंबसं ठेवलं.

ऑलिव्हिया जुलैत आमच्या बेसमेंटमधून गेली. भांडून नाही. ब्रेंडनच्या काँडोजवळ तिने एक खोली घेतली. निघताना तिने माझ्याशी हात मिळवला, तिकडच्या पद्धतीने, आणि म्हणाली, "टेक केअर, अंकल." पुतळा तिने आधीच दुकानात नेला होता. इमेल्डाची मशीनही आता तिथेच आहे. दुकानाच्या काचेवर दोन नावं लिहिली आहेत, तिचं आणि माझ्या बायकोचं, एकाच मापाच्या अक्षरांत. मी गाडी थांबवून पाहिली. आत गेलो नाही.

या डिसेंबरात बर्फ लवकर आला. सकाळी मी फावड्याने ड्राइव्हवे शोव्हल करतो, इमेल्डाच्या गाडीची काच खरवडून देतो. ती आठला निघते, संध्याकाळी सातला येते, आणि जेवताना दिवसभराचं सगळं सांगते, मी न विचारता. परवा ती दाराशी बूट चढवत होती. मी मानत होतो की आता तरी सगळं नीट झालंय. तरी तोंडातून गेलंच.

"इमेल्डा, आता आणखी काही लपवलेलं नाहीस ना माझ्यापासून?"

तिने वाकूनच वर पाहिलं. रागावली नाही.

"हे बघ," ती म्हणाली. "ह्याच्यासाठीच लपवत होते मी."