पुरण, ट्रान्सफॉर्मर आणि व्याही

मुलीच्या होणाऱ्या सासरच्यांना मी पहिल्यांदा भेटलो, त्याच दिवशी त्यांची वीज घालवली. यात माझी काडीचीही चूक नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्या सईने ब्रायनशी लग्न ठरवलं. (विचारलं नाही, कळवलं!) ब्रायनचे आईवडील, डेव्ह आणि लिंडा, उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनियातल्या एका आरव्ही पार्कात मुक्काम ठोकतात. चाकांवरचं घर न्यायचं, खांबावरच्या पेटीत प्लग खुपसायचा आणि बाहेर खुर्ची टाकून बसायचं, ही त्यांची सुट्टी! "तुम्हीही या," म्हणाले. मग आम्हीही सईला आणि भाड्याची आरव्ही घेऊन आमच्या पार्सिपनीच्या घरून निघालो. (ब्रायनला सुट्टी मिळाली नव्हती.)

"व्याह्यांना माझ्या हातची पुरणपोळीच वाढणार," मेधाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, जाहीर केलं. "पहिल्याच भेटीत छाप पडली पाहिजे. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"बाबा, प्लीज," सई म्हणाली, "जस्ट बी नॉर्मल, ओके?"

मी नॉर्मलच असतो! पण इथल्या मिक्सरात पुरण वाटणं मेधाला मंजूर नाही. म्हणून पुण्याहून आणलेला मिक्सर निघाला. तो चालतो दोनशे वीस व्होल्टवर आणि इथली वीज एकशे वीसची, म्हणून बेसमेंटमधला ट्रान्सफॉर्मरही निघाला. तो उचलताना माझी कंबर धरली, त्याचं कुणाला काही नाही.

तर पार्कात पुरण शिजून तयार. विजेच्या कुकरात भात. डोक्यावर एसी घरघरतोय. मी ट्रान्सफॉर्मरचं बटण दाबलं. फट्! सगळं बंद.

"अहो, काय केलंत?"

"मी? यांचा ब्रेकर भिकार आहे!"

बाहेर जाऊन खांबावरच्या पेटीतला पडलेला ब्रेकर वर केला, आत येऊन बटण दाबलं. फट्!

"एसी बंद करा ना जरा."

"का म्हणून? व्याह्यांना घामाने निथळत बसवू?"

मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे हो! तडक पार्कच्या ऑफिसात गेलो आणि व्होल्टेजवर भाषण ठोकलं. तिथल्या माणसाने मानही वर केली नाही. "काहीतरी बंद करा," एवढंच म्हणाला. असा संताप आला!

परत येतो तर डेव्ह दारात. "माझ्याकडून वीज घ्या की!" बघा, याला म्हणतात व्याही! त्याच्या आरव्हीतून एक्स्टेन्शन कॉर्ड ओढली, ट्रान्सफॉर्मर जोडला, "आता बघ," असं मेधाला म्हणालो आणि बटण दाबलं. फट्!

या खेपेला डेव्हची आरव्ही गप्प झाली. पाठोपाठ आतून लिंडाची किंकाळी. तिने आमच्यासाठी विजेच्या ओव्हनमध्ये केक लावला होता. आमच्यासाठी! तो मधोमध बसला होता.

"बाबा!" सईचे डोळे भरून आले. "व्हॉट डिड यू डू?"

"मी काय केलं? यांचाही ब्रेकर भिकार निघाला!"

हे मी मराठीत बोललो, पण 'ब्रेकर' डेव्हला कळलं. आणि माझा चेहरा बघून 'भिकार'ही कळलं असावं, कारण तो ब्रेकर त्याने नुकताच स्वतःच्या हाताने बसवला होता. झालं, मोडलं लग्न, असंच मला वाटलं.

तेवढ्यात लिंडाने तो बसका केक टेबलावर आणून आदळला, पातेल्यातल्या पुरणाकडे पाहिलं आणि खो खो हसत सुटली. आत जाऊन बटाटे कुस्करायचं मॅशर घेऊन आली. दोघी विहिणींनी आळीपाळीने पुरण रगडलं, गॅसवर पोळ्या झाल्या, तूप पडलं. डेव्हने बोटं चाटली. सई ब्रायनला फोनवर हसत हसत काहीतरी सांगत होती. (माझ्याबद्दलच! दुसरं काय?)

लग्न पक्कं झालं. व्याह्यांनी मानपान मागितला नाही, देणंघेणं काढलं नाही. एकच अट घातली: लग्नाच्या दिवशी हॉलमधल्या एकाही स्विचला मी हात लावायचा नाही. मी भडकून काही बोलणार, तोच मेधा आणि सईने एका सुरात त्यांना शब्द देऊन टाकला. मुलीकडच्यांनी इतक्या आनंदाने मान्य केलेली अट मी तरी आजवर पाहिलेली नाही!