टेपबाई आणि चौसष्ट पायजमे

मनोरुग्णालयात मी सव्वीस वर्षं टंकलेखक होतो. डॉक्टर बोलायचे, मी बडवायचो. इतकी माणसं कागदावर उतरवली की मला वाटायला लागलं, डॉक्टरांइतकं नाही तरी निम्मं आपल्यालाही कळतं. ही घमेंड जिने उतरवली ती चौथी शिकलेली शिंपीण. आयुष्यात फार थोड्या माणसांपुढे मी मनातल्या मनात हात जोडले. त्यांत तिचा नंबर पहिला.

जुना शिंपी निवृत्त झाला आणि त्याच्या जागी ती आली. पन्नाशीची, ठेंगणी, बोलायला फटकळ. गळ्यातली मोजपट्टी जेवतानाही काढायची नाही. आठवड्याच्या आत तिचं नाव टेपबाई पडलं. तिच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाली, "बरं झालं. खरं नाव लक्षात ठेवायचा तुमचा त्रास वाचला."

पहिल्याच दिवशी तिने भांडारवाल्याकडे मापांची वही मागितली. तो हसत सुटला. "मापं कसली बाई? एकच माप. सगळ्यात जाड माणसाला झालं की सगळ्यांना झालं." आणि नाडी? नाडी नव्हतीच. बऱ्याच वर्षांपूर्वी एका रुग्णाने नाडीने स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करून घेतलं होतं. त्यावर वरून हुकूम आला की यापुढे नाड्या बंद. जुन्या शिंप्याने हुकूम पाळला, म्हणजे नाडी घालायचं तेवढं थांबवलं. पायजमा होता तसाच राहिला, दोन माणसं मावतील एवढा. यात काही चुकतंय असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

टेपबाई म्हणाली, माप घेतल्याशिवाय मी कात्री लावत नाही. पुरुषांच्या वॉर्डच्या मोठ्या सिस्टरने कपाळाला आठ्या घातल्या. "अहो, अंगाला हात लावला की अंगावर येतात ते."

"विचारून लावते ना," टेपबाई म्हणाली.

तिचं लिहिणं हळू, म्हणून आकडे लिहून घ्यायला मला बरोबर पाठवलं. मी धुसफुसत गेलो. टंकलेखकाने कमरा लिहायच्या म्हणजे काय!

त्या वॉर्डात एक घड्याळजी होता. बायको गेल्यावर त्याने दुकान उघडायचं सोडलं, मग जेवायचं सोडलं, आणि शेवटी भावाने त्याला आमच्याकडे आणून सोडलं. तेव्हा तो खरोखर आजारी होता, आणि गोळ्यांनी वर्षभरात तो जेवायला लागला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. उगाच कोणाच्या नावाने बोटं मोडायची नाहीत मला. पण त्यानंतरची तीन वर्षं तो जिथल्या तिथे होता. दर वर्षी मोठे डॉक्टर आणि दोन छोटे डॉक्टर अशी तिघांची समिती बसायची आणि त्याच्या फायलीत तेच वाक्य पडायचं: 'उजवा हात कमरेशी आवळलेला. हात पुढे करत नाही. मान खाली, पावलं घसटत.' हे वाक्य मला इतकं पाठ झालं होतं की डॉक्टरांनी 'उजवा' म्हटलं की माझी बोटं पुढचं आपोआप उरकायची.

त्याची थोरली बहीण दर महिन्याला पत्र पाठवायची. 'मी सांभाळते त्याला, सोडा.' तिला 'सध्या योग्य नाही' असं उत्तर जायचं, तेही मीच बडवलेलं. आता तीन आठवड्यांनी पुन्हा समिती होती, चौथी. चारदा सुधारणा दिसली नाही की रुग्णाला मागच्या इमारतीत हलवायचे. तिथून कोणी घरी गेल्याचं मी पाहिलेलं नाही.

टेपबाई त्याच्यासमोर उभी राहिली. "दादा, कंबर मोजायचीय. हात जरा बाजूला घेता?"

त्याने मान हलवली. नाही.

"का हो?"

त्याने आधी सिस्टर कुठे आहे ते पाहिलं. मग अगदी हळू म्हणाला, "पायजमा पडेल."

माझी पेन्सिल जागच्या जागी थांबली.

"मग हे कोणाला बोलला नाहीत?" टेपबाईने विचारलं.

"बोललो ना. पहिल्या वर्षीच. त्यांनी लिहून घेतलं."

मी मान वर केली. वॉर्डात माणसं उभी होती, चालत होती, खिडकीपाशी थांबली होती, आणि प्रत्येकाचा एक हात कमरेला. रोज बघत होतो मी हे. मला वाटायचं, आजारच तसा असतो.

दुपारी त्याची फाईल काढली. पहिल्या वर्षाच्या कागदांत ओळ सापडली, माझ्याच मशीनवरची, 'प' थोडा वर उडालेला: 'कपडे आपोआप गळून पडतात अशी कल्पना. गोळी वाढवावी.'

मी फाईल मिटून परत कपाटात ठेवली.

टेपबाई मात्र कामाला लागली होती. नाडी चालत नव्हती. बटणं चालत नव्हती, कारण कोणी गिळलं तर? इलास्टिक धोबीखान्याच्या उकळत्या पाण्यात तीन धुण्यांत मरायचं. दोन दिवस ती नुसती कापडाकडे बघत बसली. मग तिने प्रत्येकाच्या मापाची कंबर कापली, एका बाजूने पट्टी दुसरीवर चढवली आणि त्याच कापडाच्या घट्ट गाठी वळून दोन गुंड्या शिवल्या. गिळायला काही नाही, गळ्याला लावायला काही नाही. मोठ्या सिस्टरने त्या गुंड्या दातांनीसुद्धा ओढून पाहिल्या. एकही हलली नाही.

पहिला पायजमा घड्याळजीला. तो घालून शिवणखोलीत आला, तेव्हाही हात कमरेलाच होता. टेपबाई मशीन चालवत राहिली. थोड्या वेळाने त्याने एक बोट उचललं, मग दुसरं, मग सगळा हात. हात सुटला, पण त्याचं करायचं काय हे त्याला कळेना. तो नुसताच हवेत राहिला. मग तो वाकून म्हणाला, "ताई, पट्टा सैल झालाय तुमच्या मशीनचा." आणि दोन मिनिटांत त्याने तो दोन्ही हातांनी नीट करून दिला. हा माणूस चार वर्षं अर्ध्या शरीराने जगला होता, आणि मी त्याची नोंद ठेवत होतो.

पुढच्या दोन आठवड्यांत वॉर्डातले चौसष्टच्या चौसष्ट पायजमे बदलले. एकेकाचा हात सुटत गेला. माणसं माना वर करून चालायला लागली. छोटे डॉक्टर खूश. कारण त्याच महिन्यात वॉर्डात नवी गोळी सुरू झाली होती.

समितीच्या दिवशी घड्याळजी आत आला आणि त्याने मोठ्या डॉक्टरांपुढे हात केला. मोठे डॉक्टर म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी हात मिळवला आणि माझ्याकडे वळले. "लिहा. नव्या गोळीला उत्तम प्रतिसाद. गोळीचा पूर्ण परिणाम अभ्यासण्यासाठी आणखी एक वर्ष इथेच ठेवावं."

बाहेर बाकावर त्याची बहीण बसली होती. पिशवीत त्याचे बाहेर जायचे कपडे इस्त्री करून आणले होते.

घड्याळजीचा चेहरा पार उतरला. तो काहीतरी बोलायला गेला आणि थांबला. बोललं की काय होतं हे त्याला माहीत होतं. माझी बोटं कळांवर होती, ती खाली जाईनात. इतक्या वर्षांत मी त्या खोलीत एकदाही तोंड उघडलं नव्हतं. "साहेब," मी म्हणालो, "टेपबाईंना बोलावू का?"

डॉक्टरांनी मान हलवली, मी धावत जाऊन तिला सगळं सांगितलं, आणि ती आली, हातावर जुना पायजमा घेऊन.

"गोळीतलं मला कळत नाही, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. "असेलही चांगली. पण हा पायजमा एवढा चढवा आणि दारापर्यंत जाऊन या. मग काय लिहायचं ते लिहा."

मला वाटलं, गेली हिची नोकरी, आणि पाठोपाठ माझी. पण मोठे डॉक्टर, एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं, उठले आणि पँटवरून तो पायजमा चढवला. उभे राहताच उजवा हात कमरेला गेला. ते चालायला लागले. पायाखाली कापड येत होतं म्हणून मान खाली गेली. पडायला नको म्हणून पावलं घसटत गेली. माझ्या मशीनवरचं ते वाक्य माझ्या डोळ्यांसमोरून चालत होतं.

दारापाशी घड्याळजीने हात पुढे केला. डॉक्टरांचा हात उचलला गेला, पायजमा सरकला, आणि हात परत कमरेला गेला.

त्यांनी हात पुढे केला नाही.

कोणी हसलं नाही. डॉक्टर कमरेचा हात न काढता परत खुर्चीपाशी आले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिहा. आज घरी सोडावं." मी लिहिलं. घड्याळजी धावतच बाहेर गेला, आणि बाकावरून त्याच्या बहिणीचं रडू आम्हाला ऐकू आलं.

"चांगलं काम केलंत, बाई," डॉक्टर म्हणाले. "झाले ना सगळ्यांचे?"

"वॉर्डातले झाले," टेपबाई म्हणाली. "मागच्या इमारतीतल्यांची मापं कधी घेऊ?"

मागे दोनशे दहा माणसं होती, आणि प्रत्येकाला तिथे पाठवणारा कागद माझ्या हातचा होता.