दुखणं ओळखणारा

ब्रेडा या डच शहरातल्या ज्या गोदामात मी खोकी भरायचे, तिथला हा बाविशीतला ऑस्ट्रेलियन पोरगा माणसाच्या तोंडाकडे आधी बघतच नाही, पायांकडे बघतो. कोण कुठल्या पायावर भार टाकतंय हे त्याला लांबून कळतं. मला तो ‘मेट’ म्हणतो, म्हणजे दोस्त. तिकडे तो त्यांच्या लंबगोल चेंडूच्या फुटबॉलचा पगारी खेळाडू होता. पहिल्या सामन्याआधी वडिलांनी, तिथल्या रीतीप्रमाणे, आपल्या हातांनी त्याला संघाची जर्सी दिली. मांडी दोन दिवस दुखत होती, पण याने कुणाला सांगितलं नव्हतं. अंग मोकळं करतानाच स्नायू फाटला, सामना राहिला तो राहिलाच. पुढच्या वर्षी क्लबने सोडून दिलं. एवढंच तो सांगतो, तेही हसत.

मी नववीत शाळा सोडलेली, नवऱ्याच्या नोकरीमागून इथे आलेली. मला काम दिलं याचेच उपकार वाटायचे. म्हणून गेल्या महिन्यात कंबर धरली तरी गप्प राहिले.

"मेट, कधीपासून दुखतंय?"

"काही नाही रे. कुणाला सांगू नकोस, हात जोडते. काढून टाकतील मला."

तो सरळ सुपरवायझरकडे गेला. मला घरी पाठवलं. कंबर बरी झाली, पण शिफ्ट काही आली नाही. फोन केला की "कळवू" म्हणतात.

काल त्याचा मेसेज आला, ‘आता वाकता येतं का?’ त्याला चांगलं सुनवायचं ठरवलं होतं. पण महिनाभरात हे विचारणारा तो एकटाच. ‘येतं’ एवढंच लिहिलं.